तुटलेल्या दाताचा आळ

मी बोलतेय ती त्या बदनाम गेमची कॅसेट. हो, तीच! माझ्यात दोन पैलवान गल्लीतून गुंडांना बडवत जातात आणि प्रत्येक ठोशाला पडद्यावर रक्त उडतं. पेपरांत माझ्यावर अग्रलेख आले, दुकानदारांनी मला काउंटरखाली लपवलं. लपवल्यावर मी दुप्पट खपले. नको म्हटलं की माणसांना तेच हवं असतं.

मामाने दोन भाच्यांसाठी मला आणलं. त्यांची आई नर्स. तिने कपाळाला हात लावला. "दिवसभर वॉर्डात रक्त पुसते मी, आता घरातही तेच का?"

माझी एक खोड होती. आपला ठोसा जोडीदारालाही लागायचा. पहिल्या दिवशी दोघी बहिणींनी एकमेकींनाच लोळवलं. मग थोरलीने टीव्हीच्या काचेवर मधोमध चिकटपट्टी लावली. डावीकडे ती, उजवीकडे धाकटी.

"पट्टी ओलांडायची नाही हं. तुझे गुंड तू बघ, माझे मी बघते."

मारामारीचा गेम, पण पोरी त्यात एकमेकींना जपायला शिकल्या. पेपरवाल्यांना हे कुठलं दिसायला!

मी अडले की त्या फुंकर मारायच्या. थोरलीच्या फुंकरीला मी दाद द्यायची नाही. धाकटीने गाल फुगवून फूऽऽ केलं की लगेच सुरू. त्या ओल्या फुंकरींनीच माझ्या टोकांना गंज चढत होता, हे बिचाऱ्यांना काय माहीत.

एका रविवारी शेवटचा टप्पा पार झाला. धाकटीने आनंदाने पलंगावरून उडी मारली, रिमोटच्या वायरीत पाय अडकला आणि ती तोंडावर आपटली. पुढचा दात अर्धा तुटला. आई धावत आली. पलंगावर उड्या मारल्या की धपाटे ठरलेले, म्हणून धाकटी घाबरून बोलून गेली, "ताईने मारलं. गेममध्ये मारतात तसं."

"आई, शप्पथ, मी नाही..."

"गप्प बस! पेपरात येतं ते काही उगाच नाही."

मी तिथेच होते, सगळं पाहिलेली. पण कॅसेटची साक्ष कोण काढणार? आठवड्याभरात थोरलीची रवानगी मावशीकडे झाली. पट्टी आईने नखाने खरवडून काढली आणि मला कपाटावर फेकलं. पुढे सुट्टीतही थोरली दोनच दिवस यायची, पाहुण्यासारखी.

मग माझा दुसरा भाग निघाला. टीकेला घाबरून कंपनीने त्याला अगदी साजूक केलेलं. रक्त नाही, आणि जोडीदाराला ठोसाही लागत नाही.

धाकटी नोकरीला लागली. दातावर टोपी बसली, पण खरं काही तिच्या तोंडून निघेना. गेल्या वर्षी आई गेली. शेवटपर्यंत मला शिव्या देत होती आणि थोरलीला विचारत होती, "आता राग आवरतेस ना गं?"

त्यानंतर धाकटीने व्हिडिओ गेमचा जुना सगळा संच, मी आणि कुठूनसा शोधलेला दुसरा भाग खोक्यात भरून ताईला पाठवला. सोबत चिठ्ठी. "ताई, मी पडले होते. आई मारेल म्हणून खोटं बोलले. मग रोज सांगेन म्हणता म्हणता राहून गेलं."

थोरलीने चिठ्ठी दोनदा वाचली. दुसरा भाग लावला, तो झटक्यात सुरू झाला. थोडं खेळून तिने काढून ठेवला. "यात एकमेकींना लागतच नाही. मग सांभाळायचं कुणाला?"

मग मला लावलं. पडदा काळाच. तिने दहादा फुंकर मारली, मीही जिवाचा आटापिटा केला. छे!

शेवटी तिने फोन लावला.

"मिळाली चिठ्ठी. अगं, मला काय सांगतेस? मला ठाऊकच होतं. आईला सांगायचं होतंस."

पलीकडून नुसतं रडणं. मग थोरली म्हणाली, "पहिली कॅसेट सुरू होत नाहीये माझ्याच्याने. रविवारी ये."

माझ्यात रक्त होतं, कबूल. पण बाबांनो, आमच्यावर खापर फोडण्याआधी पोरांना एकदा जवळ घेऊन विचारत चला.

थोरली आता ड्रॉवरमध्ये चिकटपट्टी शोधतेय. रविवारी मी सुरू होईन की नाही, देव जाणे. धाकटी आली की फुंकर तरी मारेल. आईला मात्र आता कुणालाच सांगता येणार नाही.