मत फुकट जाईल

ती लंबगोल चौकट तांदळाच्या दाण्याहून फार मोठी नव्हती, आणि विनय गेली दहा मिनिटं पेनचं टोक तिच्यावर धरून बसला होता — काळी करायची, बस्स, एवढंच काम. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठी तीन नावं. पहिली दोन त्या दोन पक्षांची, तीच ती, आलटूनपालटून मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांसारखी. एकाचा कंटाळा आला की दुसरा बरा वाटतो, आणि दुसरा आला की... तिसरं नाव एका निवृत्त शिक्षिकेचं. तिचं सगळं पटतं. ती निवडून येणार नाही. हे सगळ्या पार्सिपनी गावाला ठाऊक आहे, तिलाही असावं.

टपालाने आलेली दुसरी मतपत्रिका टेबलावर तशीच बंद पडली होती, इलाची. लेक कॉलेजातून दोन दिवसांसाठी घरी आली होती ती मुख्यतः धुण्याच्या दोन पिशव्या घेऊन, आणि जमलं तर आयुष्यातलं पहिलं मत द्यायला.

पसंतीक्रम हा विनयचा जुना आजार. मतदाराला एकच नाव निवडायला लावू नका, एक-दोन-तीन असे क्रम लावू द्या. पहिला बाद झाला तर मत दुसऱ्याकडे जाईल, वाया जाणार नाही. हे तो ऑफिसात सांगे, कुणाच्या डोहाळजेवणात सांगे, बायको, रुपाली, डोळे वटारायची तरी सांगे. इला नऊ वर्षांची असताना बापलेकीने लायब्ररीसमोर टेबल मांडून चक्क बिस्किटांची निवडणूक घेतली होती — थंडीने नाक लाल झालेली ती पोर येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत होती, आणि त्याला वाटलं होतं, हिच्या वेळेपर्यंत होईल सगळं नीट.

मागच्या वर्षी महाराष्ट्र मंडळाने त्याची हौस पुरवली. अध्यक्षपदाला तीन उमेदवार, पसंतीक्रमाने मतदान. पेटी उघडली तर निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांवर तिन्ही नावांपुढे एक, एक, एक. "अरे विनय, तिघंही आपलीच माणसं," शरयूकाकू म्हणाल्या, "दुसरा नंबर देऊन उगाच कुणाला दुखवायचं?" सगळे हसले. तोही हसला. मग तिघांपैकी गिरीशने माघार घेतली, आणि उरलेल्या दोघांत हात वर करून निवड झाली, नेहमीसारखी... गाडीत बसल्यावर त्याला रडू येईलसं वाटलं. चिठ्ठ्यांसाठी कुणी रडतं का?

इला खाली आली, केस न विंचरलेले, हातात कॉफी. पाकीट फोडून तिने कागद पसरला.

"बाबा, ही थर्डवाली टीचर आहे ना, आय लाइक हर. मी तिलाच देणार."

"या वेळी नको गं," विनय म्हणाला. "मत फुकट जाईल. त्या दोघांतला कमी वाईट बघ."

किती सहज आलं तोंडून! ज्या वाक्याशी दहा वर्षं भांडलो, तेच.

"तू प्रत्येक वेळी 'या वेळी' म्हणतोस," इला शांतपणे म्हणाली. "तू स्वतः कधी दिलंस, बाबा? थर्ड कुणाला? एकदा तरी?"

नाही. मतदार झाल्यापासूनच्या पंधरा वर्षांत एकदाही नाही. पत्रकं वाटली, सभा भरवल्या, बिस्किटं मोजली — आणि एकटा असताना, हा कागद समोर आला की दर वेळी तोच घाबरट हात.

"भीती वाटते गं," तो म्हणाला. निदान हे तरी खरं होतं.

तिने खुर्ची थोडी वळवली आणि डाव्या हाताचा आडोसा केला, शेजारच्याने बघू नये म्हणून परीक्षेत करतात तसा. त्याच्यापासून! पेन फिरल्याचा बारीक आवाज आला. मग पाकीट चिकटलं, सही झाली, आणि ती कपडे मशीनमध्ये टाकायला निघून गेली.

आपलं ऐकलं असेल का तिने? ऐकलं नसू दे, असं त्याला आतून, फार आतून वाटलं. आणि लगेच मनात आलं — खरंच ऐकलं नसेल तर, आणि त्या दोघांतला जास्त वाईट एका मताने निवडून आला तर... मशीन सुरू झालं. विनयला आपल्या लेकीचा हेवा वाटत होता, उघड उघड, लाज वाटावी इतका. कागद अजून कोरा होता, आणि हा हेवा ओसरायच्या आत काहीतरी करायला हवं, एवढंच त्याला कळत होतं.