माशाचा श्वास

"रिळाला हात लावू नका, साहेब. पळू दे त्याला."

पाहुण्याने हात काढला. रीळ किंचाळत राहिलं आणि दोरी उथळ पाण्यावरून सरळ प्रवाळाच्या कड्याकडे निघाली. कड्यापलीकडे तळ एकदम खोल जात होता. मासा तिथे उतरला असता, तर प्रवाळाच्या धारेवर घासून दोरी तुटायला दोन क्षण पुरले असते.

पाहुणा कारखानदार होता. गुडघे दुखरे, पोट सुटलेलं. ट्रेव्हली, म्हणजे या खडकांवरचा सगळ्यात दांडगा शिकारी मासा, गळाला लागावा म्हणून तो चार वर्षं येत होता. मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि जिवंत सोडायचा, असा रिसॉर्टचा नियम. त्याच्या शेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस बावीस वर्षं पाहुण्यांना माशापर्यंत नेत होता. सगळे त्याला वाटाड्याच म्हणत; खरं नाव रजिस्टरात असेल तेवढंच.

वीस पावलांवर बोट होती. इंजिनपाशी त्याचा मेहुणा.

"दाजी, अडकली बघा दोरी."

वाटाड्याने दोरीवर दोन बोटं टेकवली. बोटांना बारीक करकर जाणवली. तो पोहत गेला, प्रवाळाच्या उंचवट्यात रुतलेली दोरी अलगद उचलून मोकळी केली आणि परत आला. येईपर्यंत छातीचा भाता झाला होता.

"दमलात?" पाहुण्याने विचारलं.

"नाही. तुम्ही समोर बघा."

बायकोच्या हट्टापायी महिन्यापूर्वी तो दवाखान्यात गेला होता. तिथल्या नर्सने श्वासाची ताकद बघायचं, तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र हातात दिलं आणि नळीतून हवा ओढायला सांगितलं. एक गोळी वर गेली. दुसरी हलली आणि बसली. तिसरीने दखलच घेतली नाही. "पाण्यात बुड्या मारायचात का तरुणपणी?" नर्स म्हणाली. "मारायचो." "मग आता जरा जमिनीवर राहा." ही गोष्ट त्याने मेहुण्याजवळ काढली नव्हती. मॅनेजरजवळ काढण्याचा तर प्रश्नच नव्हता.

मॅनेजरने त्याला गेल्याच आठवड्यात बोलावून घेतलं होतं. या हंगामात दोन तक्रारी झाल्या होत्या. "मासा हातात घेतो न घेतो तोच तुम्ही पाण्यात घालता, म्हणतात. फोटो हलतो. लोक काय माशाचा वास घ्यायला येतात का इथं? तिसरी तक्रार आली, तर तुम्हाला बागेच्या कामावर टाकावं लागेल मला."

तक्रारी खोट्या नव्हत्या. या बोटींवर एक रीत होती आणि ती त्यानेच घालून दिली होती: मासा पाण्याबाहेर आला की आपण श्वास रोखायचा. आपल्याला हवा लागली, की त्याला पाणी लागलं. घड्याळ बघायचं नाही, वाद घालायचा नाही. पूर्वी तो सावकाश पन्नास मोजू शके. आता विसाच्या आतच मान तटतटायची.

पंचवीस मिनिटांनी मासा थकला आणि कुशीवर आला. काळपट, रुंद कपाळाचा, निदान चाळीस किलोचा. वाटाड्याने तोंडातला गळ सोडवला आणि शेपटीचं मूळ पकडलं. तिथे दोन्ही बाजूंना करवतीसारखे टणक खवले असतात. पण हातमोजा घातला की शेपटीतली ताकद कळत नाही, म्हणून तो कधीच घालत नसे.

"साहेब, गळाची काठी बगलेत धरा आणि पोटाखाली हात घाला. मी म्हणेन तेव्हा उचलायचं."

मेहुण्याने बोट जवळ आणून पाहुण्याचा फोन रोखला. वाटाड्याने श्वास भरून घेतला. "उचला."

मासा वर आला. एक, दोन, तीन.

"थांबा थांबा," पाहुणा म्हणाला, "चष्म्यावर पाणी आहे. काढू का चष्मा?"

"काढा की, साहेब. मासा काय ओळखायचा राहतोय," मेहुणा म्हणाला.

नऊ, दहा. पाहुण्याने एका हाताने चष्मा काढला, तो कुठे ठेवावा हे त्याला सुचेना, शेवटी दातांत धरला, मग दातांत बरा दिसणार नाही म्हणून खिशात कोंबला. चौदा. मासा घसरला, पुन्हा सावरला. सतरा. वाटाड्याच्या कानात ठोके पडू लागले. मेहुणा म्हणाला, "ऊन मागून येतंय, जरा इकडे वळा."

एकोणीस. आता मासा खाली घ्यायचा.

त्याने घेतला नाही. तोंड मिटलेलं ठेवून, नाकातून, कोणाला कळणार नाही असा एक श्वास आत ओढला. मग आणखी एक.

"आला. एकदम झकास," मेहुणा म्हणाला.

मासा पाण्यात गेला आणि तसाच आडवा तरंगला.

वाटाड्याने त्याला सरळ केलं, तोंड प्रवाहाकडे केलं आणि एक हात पोटाखाली, एक शेपटीवर ठेवून हळूहळू पुढे चालू लागला. तोंडातून पाणी शिरलं पाहिजे, कल्ल्यांतून बाहेर पडलं पाहिजे. कल्ले एकदा उघडले. बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा. हातातलं शेपूट ओल्या कापडासारखं मऊ होतं.

"गेला वाटतं," पाहुणा हळूच म्हणाला.

"नाही."

"दाजी, डावीकडे," मेहुण्याचा आवाज बदलला होता. "शार्क आहे."

माणसाएवढी राखाडी सावली दूरवरून एक फेरी मारून गेली. दुसरी फेरी जवळून झाली. थकलेला मासा तिला आमच्या-तुमच्यापेक्षा लवकर कळतो.

"साहेब, काठीनं पाणी बडवा. जोरात. तुम्हाला नाही काही करणार ती."

दुखऱ्या गुडघ्यांवर उभं राहून पाहुणा किमती काठी पाण्यावर आपटू लागला. भरती चढत होती. पाणी वाटाड्याच्या छातीला लागलं, मग खांद्यांना. चार पावलं चालायचं, धाप टाकायची, पुन्हा चार पावलं. किती वेळ गेला ते मेहुण्यालाही नंतर सांगता आलं नाही.

मग तळहाताला धार लागली. शेपूट ताठ झालं होतं. त्याने सोडलं नाही. दुसरा झटका आला, हातातून रक्ताची रेघ पाण्यात उतरली, तेव्हा त्याने बोटं उघडली. मासा कड्याकडे निघाला. सावली वळली आणि त्याच दिशेने गेली. पाणी जिथे गडद होतं तिथे आधी एक दिसेनासा झाला, मग दुसरी. त्यापुढचं काही कळायला मार्ग नव्हता.

मेहुण्याने त्याला काखेत धरून बोटीत ओढलं. पाहुणा फोन पुढे करून बसला होता. "बघा, काय फोटो आलाय. मॅनेजरला सांगतो, पुढच्या वर्षी मला हाच माणूस पाहिजे."

वाटाड्याने फोटो पाहिला. मासा चमकत होता, पाहुणा हसत होता, मागे तो स्वतः तोंड मिटून उभा होता. ते दोन श्वास फोटोत कुठे म्हणजे कुठे दिसत नव्हते.

"छान आलाय," तो म्हणाला.

मग हाताला फडकं गुंडाळून तो मागे मेहुण्याजवळ गेला. "पाण्यात तू उतरत जा. इंजिन मी धरतो."

"आता? साहेब एवढे खूश आहेत आणि तुम्ही—"

"मी मधे श्वास घेतला."

मेहुणा एरवी कशावरही काहीतरी बोलायचाच. या वेळी त्याने एवढंच विचारलं, "किती?"

"दोन."



"उद्यापासून ना?" मेहुण्याने विचारलं.

"आत्तापासून."

मेहुणा उठला. बाकावर साचलेलं पाणी त्याने गळ्यातल्या टॉवेलने पुसलं, कोपरे पुन्हा एकदा पुसले आणि दाजींना बसायला जागा करून देऊन पुढे गेला.