तांदळात पुसलेली सुहा

मित्रांनो, मला हात लावता येत नाही, रंग देता येत नाही की मोडीत घालता येत नाही. मी एक जुने नाव आहे. सुहा. कोणी तोंड उघडून हाक मारली तरच मी जगते, तोंड मिटले की माझे काम संपले. एवढ्या कच्च्या जिवाला माणसे किती सहज मारतात, ते सांगायला मी बसले आहे. गोष्ट गोड नाही. गोड हवी असेल तर तेजश्री नाहीतर स्नेहल या नावांकडे जा. त्यांचे सगळे छान चालले आहे.

माझे मूळ अरबस्तानात. सप्तर्षींच्या शेपटीत मधला जो ठळक तारा आहे, त्याला चिकटून एक अगदी मंद चांदणी असते. तिला तिकडे सुहा म्हणतात. नजर चांगली असेल त्यालाच ती दिसते, म्हणून जुने लोक डोळे तपासायला तिच्याकडे बोट दाखवत. माझ्या नावाच्या अर्थामध्येच विसरणे आहे, नजरेतून सुटणे आहे. तरी तिकडे लेकीला हे नाव हौसेने ठेवतात. इकडचे विचाराल, तर मोबाइलवर मुलींची नावे शोधणाऱ्यांना आयरा आणि मायरा ढिगाने सापडतात आणि तेवढ्यावरच त्यांचे भागते. माझ्यापर्यंत खाली कोणी येतच नाही.

मग मी शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याला कसे पोचले? चांगदेव नावाचा इथला एक वेल्डर मस्कतला कामाला होता. साइटवरच्या एका म्हाताऱ्या अरबाने त्याला ती चांदणी दाखवली आणि चांगदेवला ती पहिल्या झटक्यात दिसली. म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्या लेकीचे नाव हेच, असेही सांगितले. तेवढ्या थापेवर चांगदेव खूश झाला. परक्या मुलखात त्याला शाबासकी देणारे दुसरे होते तरी कोण?

गावी परतल्यावर त्याला मुलगी झाली आणि बारशाला त्याने मला पुढे केले. त्याची आई पुतळाबाई पाळण्याची दोरी सोडून उभीच राहिली.

"ह्ये कसलं रं अर्धं नाव? पुढचं कुठं सांडलं?"

"पुरं हाय, आई. सुहा. एवढंच."

"मंग सुहास म्हन की. पोरीला उगं लोकं हसत्याल."

लोक हसलेच. शाळेतली पोरे तर तिच्यामागून 'सुया घ्या, दाभण घ्या' असे ओरडत जात. ती रडत घरी यायची आणि राग माझ्यावर काढायची. पण संध्याकाळी चांगदेव बांधावर उभा राहून हाक मारायचा, माझा शेवट चांगला लांबवून. सुहाऽऽऽ! अर्ध्या शिवाराला ऐकू जाई. ती असेल तिथून धावत येई. माझे सुखाचे दिवस ते. त्यानंतर मला कोणी इतक्या मोठ्याने घेतले नाही.

मुलगी शिकली आणि कुरकुंभच्या एका औषध कंपनीत लॅबला लागली. परप्रांतीय कामगार तिला सुहा दीदी म्हणत. तिच्या गळ्यातल्या कार्डावर मी ऐटीत बसून शिफ्टला जाई. त्याच कंपनीतल्या विक्रमचे स्थळ आले. घर वरवंडचे, महामार्गालगत दुकानगाळे, वडील हौसराव सोसायटीचे चेअरमन. बैठकीत त्यांनी सहज विचारले.

"पोरीचं नाव लई येगळं हाय, पाव्हणं. सुहासिनी का?"

"न्हाई ओ. सुहाच," चांगदेव कौतुकाने म्हणाला. "अरबी नाव हाय. चांदणीचं."

चहाचे कप होते तिथेच थांबले. विक्रमची आई मालनबाई पदर सावरत म्हणाल्या, "म्हंजी मुसलमानी?"

"चांदणीला कुठली आलीया जात, विहीणबाई?" चांगदेव हसला. तो एकटाच हसला.

हौसराव सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलावे तसे शांतपणे बोलले. "असू द्या. पत्रिकेत सुहासिनी छापू. तसंबी लग्नात नाव बदलायचंच हाय."

मित्रांनो, ही रीत तुम्ही पाहिली असेल. नवी सून घरात आली की ताटात तांदूळ पसरतात. नवरा अंगठीने त्यात तिचे नवे नाव लिहितो, मग सगळ्यांना साखर वाटतात. जिचे नाव बदलते तिचे तोंड आधी गोड करतात, म्हणजे तिला बोलता येत नाही.

सुहाने लग्नाआधीच विक्रमला गाठले. मागणे एकच होते. "दागिने नगं, काय नगं. नाव तेवढं ठेवा माझं. आप्पांनी लई लांबून आणलंय."

"तुझंच लिहितो," विक्रम म्हणाला. "अंगठी माझ्या हातात असती. कोण काय करतंय?"

तिने विश्वास ठेवला आणि मीही ठेवला. मांडवात गुरुजींनी वधूला अरुंधतीचे दर्शन घ्यायला सांगितले. भर दुपार होती. त्यांनी मांडवाच्या कापडाकडे बोट केले आणि सगळ्यांनी कापडाला हात जोडले.

वरवंडच्या घरात ताट मांडले. विक्रमने अंगठी टेकवली आणि खरोखर 'सु' लिहिला! मी तांदळात उमटू लागले होते. तेवढ्यात हौसराव खाकरले. नुसते खाकरले हो, शब्दही बोलले नाहीत. विक्रमने तळहाताने तांदूळ सारखे केले. एका खाकरण्याला घाबरणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. गुरुजींनी 'अ' अक्षर सांगितले, विक्रमची बहीण प्रतिभा म्हणाली, अरुंधती भारी वाटते. त्याने मुकाट्याने अरुंधती लिहिले.

आता गंमत ऐका. सप्तर्षींजवळची ती मंद चांदणी, जिला अरब सुहा म्हणतात, तिलाच आपल्याकडे अरुंधती म्हणतात. मला हाकलून त्यांनी माझीच सख्खी बहीण पाटावर बसवली होती. त्या भरल्या घरात हे ठाऊक असलेली एकच व्यक्ती होती, ती नवरी. तिचे डोळे एकदम चमकले. "आत्या, तीच चांदणी हाय ही. सुहा आन् अरुंधती एकच की!"

मालनबाईंनी तिच्या तोंडात साखर घातली. "एकच हाय न्हवं? मंग जुनं सोडायला काय जातंय?"

सगळे खदखदून हसले, विक्रमसुद्धा हसला. सुहाने साखर गिळली.

त्यानंतर मला वेचून वेचून मारले. कंपनीतले कार्ड बदलले, दीदीच्या आधी नवे नाव लागले. चांगदेवने घरच्या फोनवर विचारले, "सुहा हाय का?" तर मालनबाई म्हणायच्या, "इथं सुहा न्हाई कोण. राँग नंबर." आणि फोन ठेवायच्या. आवाज ओळखूनही ठेवायच्या. तिच्या मोबाइलवर त्याने केला तर ती दबक्या आवाजात सांगायची, "आप्पा, ह्या नावानं नका बोलू, स्पीकरवर असतंय." नव्या नावाचेही भले झाले असे नाही. मालनबाईंच्या तोंडात त्याचे आरंदे झाले, मग आरे, मग नुसते ए.

पुढे तिला मुलगी झाली. प्रतिभाने मोबाइलवर पाहून तिचे नाव इनाया ठेवले. आजकाल जिकडेतिकडे हेच असते म्हणून हौसरावांनी अख्ख्या आळीला पेढे वाटले. मित्रांनो, इनाया हेही अरबीच. अर्थ काळजी, जपणूक. मी काही बोलले नाही. नावे नावांची चुगली करत नाहीत.

आता माझ्यासाठी इकडे एकच तोंड उरले होते, चांगदेवचे. इनाया चांगली बोलायला लागली तरी तिचे कान टोचायचे राहिले होते, त्यासाठी तो वरवंडला आला. उन्हाने थकला होता, पाय सुजले होते. दारात चपला काढता काढता सवयीने त्याच्या तोंडातून मी निघाले, शेवट लांबवून, जुन्यासारखी. सुहाऽऽऽ!

ती ओट्याशी पोळ्या लाटत होती. तिचे लाटणे थांबले. पण ती वळली नाही, कारण शेजारी मालनबाई उभ्या होत्या. इनायाने तिचा पदर ओढला. "आई, आजोबा कुणाला हाक मारतात?"

"कुणाला न्हाई बाळा," ती म्हणाली. "आजोबांचं वय झालंय आता. नावं चुकत्यात त्यांची."

चांगदेवने ते ऐकले. तो सोप्यात बसून राहिला, दिलेला चहा प्याला, नातीच्या कानाला फुंकर घातली. निघताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "येतो, अरुंधती." मग रस्त्यापर्यंत त्याने मागे पाहिले नाही.

मला तिचा राग आला. ती का भ्यायली ते मला कळते, तरी राग आहे. हौसरावांनी खाकरून मला पुसले ते सोसले असते. तिने मात्र मला बापाची चूक म्हटले. तेव्हापासून इकडे कोणीही मला घेतलेले नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आईचे असेच एखादे पहिले नाव असेल. घरी गेलात की ते विचारून घ्या. ती हसेल, काहीतरीच काय म्हणेल, जा अभ्यास कर म्हणेल. तरी विचारा. मग ती कामात असताना, घरात सगळे बसलेले असताना, त्या नावाने तिला मोठ्याने हाक मारा. ती वळली नाही, तर पुन्हा मारा.