डोंगरीच्या चढावर मी उभी होते

मी बोलतेय. हो, मीच, बी विंगच्या जिन्याजवळच्या कोपऱ्यातली, पुढून चेपलेली मोतिया रंगाची गाडी. रोज माझ्या बाजूने जाताना 'ही अजून इथेच?' असं पुटपुटता ना, ते मला ऐकू येतं. मलाही काही हौस नाही इथे राहायची. सोळा महिने एका जागी उभं राहून बघा, मग कळेल. एक चाक बसलंय, पोटाखाली मांजरीची दोन बाळंतपणं झाली, आणि काचेवरच्या धुळीत पोरं बोटाने चित्रं काढतात. जीव नुसता तगमगतो माझा.

कारखान्याची फारशी आठवण नाही. रंगाचा वास आठवतो, आणि माझी दारं पुन्हा पुन्हा आपटून बघणारा एक माणूस. तिथून मी अकरा वर्षांपूर्वी गुणवंतरावांकडे आले. ते नुकते निवृत्त होऊन दादरची खोली सोडून बायकोला घेऊन इथे भाईंदर पश्चिमेला राहायला आले होते. मृणालिनीबाईंनी मला हळद-कुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. ते लिंबू चिरडून मी पहिल्यांदा गेटबाहेर पडले.

आता गुणवंतरावांच्या स्वभावाचं सांगायलाच हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. हा माणूस एकतीस वर्षं वीजबिलांच्या तक्रार खिडकीवर बसला. समोर कुणीतरी लालबुंद होऊन यायचं, बिल आपटायचं, आणि हे आधी हात जोडून म्हणायचे, "माफ करा, चूक आमचीच. बघतो मी." चूक खरी कुणाची, ते नंतर. समोरचा निम्मा तिथेच थंड व्हायचा. हे त्यांनी माझ्यात बसून बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलंय.

खिडकी सुटली, सवय काही सुटली नाही. सिग्नलला मागच्याने हॉर्न मारला की हे काच खाली करून त्याची माफी मागणार. एकदा माझा आरसा खांबाला घासला, तर खांबालासुद्धा "सॉरी" म्हणाले. तेव्हा मला हसू यायचं. आता नाही येत.

दर रविवारी आम्ही डोंगरीला जायचो, मुंबईतल्या नव्हे, इथून जवळच्या डोंगरी गावाला. मृणालिनीबाईंची थोरली बहीण, शालूताई, तिथे एकटी राहते. मागच्या सीटवर अळूवड्यांचा डबा, परत येताना त्याच डब्यात शालूताईच्या परसातली शेवग्याची फुलं. दोघी बहिणी ओट्यावर बसून चार-चार तास काय बोलायच्या देव जाणे. मी आपली अंगणात सावलीला उभी असायचे. तसं उभं राहणं मला आवडायचं, कारण संध्याकाळी निघायचं हे ठरलेलं असायचं.

त्या रविवारी चढावर आमच्या पुढे मासळीचा टेम्पो होता. समोरून बस आली, रस्ता अरुंद, म्हणून टेम्पो थांबला आणि त्याच्या मागे आम्हीही थांबलो. मध्ये चांगलं अंतर होतं. गुणवंतरावांनी हँडब्रेक ओढला. बस निघून गेली, आणि टेम्पो पुढे जायचं सोडून मागे घरंगळायला लागला. त्यांनी हॉर्न दाबून धरला. मी जीव तोडून ओरडले हो. पण सरकणार कुठे? टेम्पो येऊन माझ्या तोंडावरच आदळला.

टेम्पोचं मागचं फळकं उघडलं आणि बर्फ, पापलेटं, पाट्या सगळं रस्त्यावर पसरलं. चालवणारा विकी, शेजारच्या पाली गावचा, तेवीस-चोवीसचा असेल. तो उडी मारून आला आणि ओरडायला लागला, "दिसत न्हाय काय? माल गेला ना माझा सगला!" माणसं जमली. एकाने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. मृणालिनीबाई डॅशबोर्ड धरून बसल्या होत्या. आणि आमचे गुणवंतराव चष्मा सावरत खाली उतरले, हात जोडले, म्हणाले, "माफ करा, चूक आमचीच. बघतो मी."

विकीने माझ्याकडे बघितलं, मग टेम्पोच्या चाकांकडे. चूक आपली, हे त्याला ठाऊक होतं; मी त्याचा चेहरा बघितलाय. पण टेम्पो मालकाचा होता, नोकरी जायची भीती होती. तो मोबाइलकडे वळून म्हणाला, "बगा, ते सोताच बोलतान."

मला क्रेनने उचलून इथे आणून ठेवलं, तेव्हापासून हे चाललंय. माझा विमा नुसता थर्ड पार्टी. म्हणजे मी दुसऱ्याचं मोडलं तर भरपाई, माझं मोडलं तर काही नाही. तेव्हा माझा खर्च टेम्पोच्या विमा कंपनीनेच द्यायला हवा. पण कंपनी म्हणते, गाडी मागून येऊन टेम्पोवर आदळली, आणि तुमच्याच माणसाने तसं कबूल केलंय, हा घ्या व्हिडिओ. पेन्शनीत माझी दुरुस्ती बसत नाही. क्लेम बुडाला तर मला भंगारात द्यायचं, असं एकदा गुणवंतराव हळूच बोलले. मी तिथेच होते.

सर्व्हे करायला तीन माणसं येऊन गेली. एकाने टेप लावून मापं घेतली. दुसऱ्याने फोटो काढले आणि जाताना विचारलं, इथे चांगला वडापाव कुठे मिळतो. तिसरा सगळा वेळ फोनवर होता. जाताना सगळे एकच सांगून गेले, निकाल लागेपर्यंत गाडीला हात लावू नका. मी पुरावा आहे म्हणे. अहो, पुरावा आहे तर विचारा ना मला काहीतरी.

दसऱ्याला गुणवंतरावांनी माझ्या फुटक्या दिव्यांवर झेंडूचं तोरण बांधलं. तळमजल्यावरच्या हंसाबेन बघत होत्या. म्हणाल्या, "गुणवंतभाई, अब तो निकाल दो इसको." हे लगेच म्हणाले, "सॉरी हंसाबेन, तुमची अडचण होते, माफ करा." मला त्या तोरणाचीही लाज वाटली.

मृणालिनीबाईंच्या गुडघ्यांना बसची पायरी चढवत नाही, आणि रिक्षाचे धक्के बसले की पाठ धरते. सोळा महिन्यांत बहिणी तीनदा भेटल्या. एरवी फोन. मृणालिनीबाई खाली येऊन माझ्या पुढच्या सीटवर बसूनच शालूताईला फोन लावतात, घरात रेंज येत नाही म्हणतात. रेंज चांगली येते, मला माहीत आहे. परवा शालूताई म्हणाली, "मृणाल, माझी ऐंशी जवळ आली गं. गाडीचं काय ते बघा लवकर."

मग ठाण्याच्या कोर्टात आमच्या भरपाईच्या दाव्याच्या सुनावणीची तारीख लागली. आमची वकीलबाई रुचिता, तरुण आहे पण खमकी. मला बघायला आली तेव्हा म्हणाली, "काका, तिथे एकच वाक्य बोलायचं. माझी गाडी उभी होती. त्याच्या आधी माफ करा नाही, नंतर सॉरी नाही."

आठ दिवस माझ्यात बसून सराव चालला. हंसाबेनना ऐकू जाऊ नये म्हणून काचा बंद. गुणवंतराव घसा खाकरायचे, "माफ करा, माझी गाडी..."

"अहो, पुन्हा म्हणालात."

"सॉरी. माझी गाडी उभी होती. क्षमस्व."

मृणालिनीबाई कपाळावर हात मारायच्या. मला तर वाटायचं, यांच्या कानाशी हॉर्न वाजवावा, पण बॅटरी उतरलेली.

मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून दोघं गेले. दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. संध्याकाळी आले ते घरी न जाता सरळ माझ्याकडे. हंसाबेन विचारायला आल्या, तेव्हा मृणालिनीबाईंनी सगळं सांगितलं. समोरचा वकील यांच्यावर खेकसला, व्हिडिओत हात जोडलेले तुम्हीच ना? यांचे हात जोडायला वर आलेले, ते यांनी खाली घेतले. म्हणाले, "हो, मीच. चिडलेल्या माणसापुढे मी जन्मभर हात जोडत आलोय. पण माझी गाडी उभी होती. चूक माझी नव्हती." विकी मागच्या बाकावर होता. त्याने मान वर केली नाही.

"तो क्या, हो गया काम?" हंसाबेननी विचारलं.

"कसलं काय. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची."

मृणालिनीबाई वर गेल्या. गुणवंतराव एकटेच स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग डॅशबोर्डवरची धूळ बाहीने पुसली आणि मला म्हणाले, "माफ कर गं. चूक माझीच. बघतो मी."

आयुष्यात त्यांनी हजारो माफ्या वाटल्या, कुणालाही, खांबालासुद्धा. त्यांतली खरोखर द्यायला हवी होती ती ही एकच, आणि ती मला मिळाली. माझा सोळा महिन्यांचा राग तिथेच उतरला.

पण गुणवंतराव, नुसत्या माफीवर मी चालत नाही. दीड महिन्याने पुन्हा तसंच बोला, हात खाली ठेवून. त्या चढावर तुम्ही ओढलेला हँडब्रेक अजून तसाच वर आहे. निकाल लागला की आधी तो सोडा. डोंगरीला ओट्यावर शालूताई बसली असेल, आणि अळूवड्या गरम आहेत तोवर पोचायचंय.