घरजावई उंबऱ्याबाहेर

तिने खोलीतला दिवा मालवला आणि सूक्ष्मदर्शकाचं शटर उघडलं. काचपट्टीवर निळा उजेड पडला.

"बघा सर. पण पटकन."

"का? गाडी सुटतेय का तुझी?" सर खुर्चीत ऐसपैस स्थिरावले.

भिंगाखाली तांदळाच्या कणीहूनही बारीक, काचेसारखा पारदर्शक कृमी होता. त्याच्या जननपेशींत एक प्रथिन हिरवं चमकत होतं. आरएनएच्या संदेशातला नको तो मजकूर कापायचा आणि उरलेला जोडायचा, हे त्याचं काम. ते पेशीच्या केंद्रकात बसूनच चालतं, हा सरांचा सिद्धांत. प्रथिनाला ते घरजावई म्हणत. या जावयाच्या जिवावर सर विभागप्रमुख झाले होते. तिच्या कृमीत मात्र जावईबापू केंद्रकाच्या उंबऱ्याबाहेर ठिपक्याठिपक्यांनी पसरले होते. सरांनी नाही म्हटलं, की तिच्या प्रबंधावर पाणी.

"कचरा आहे," सर भिंगातूनच म्हणाले. "काच धुतली होतीस?"

"दोनदा. हिरवी खूण न जोडलेला कृमीही पाहिला. त्या जागी काळाकुट्ट."

"मग आतडं चमकत असेल. ते खुणेशिवायही चमकतं."

"आतडं त्या बाजूला नाही, सर."

"वा! आता आतडं कुठे असतं तेही शिकव मला."

तिने जीभ चावली. नजर शटरवर होती. जितका वेळ उजेड पडेल, तितका तो हिरवा रंग विझत जातो. काचपट्टीवर धड असा हा एकच कृमी होता, आणि सर कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा बघत नाहीत, अशी त्यांची ख्याती. आणखी थोडा वेळ असेच बघत बसले, तर खरोखरच काही दिसणार नव्हतं. हे तिला सरांनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

सर हलेनात. श्वासही ऐकू येईना. शेवटी न राहवून तिने शटरकडे हात नेला.

तिथे सरांचा अंगठा आधीच होता. टक्क. निळा उजेड गेला.

"काही दिसलं नाही मला," अंधारातून सर म्हणाले.

"बरं, सर."

खुर्ची करकरली, पण सर उठले नाहीत.

"या कृमींचे भ्रूण कधी दाखवतेस?"

"उद्या."

"उद्या शटर मी उघडेन. तू फार वेळ उघडं ठेवतेस."

"हो, सर."

दिव्याचं बटण तिच्या हाताशीच होतं. ते शोधायला तिने मुद्दाम वेळ लावला.