सहा आकडे आणि एक शब्द

मी एक जुना, बटणांचा मोबाइल आहे. रबरबँड बांधला नाही तर माझी बॅटरी खाली पडते. कामठ्याच्या रुक्माबाईंच्या घरी देवाच्या फळीवर माझा मुक्काम असतो.

मित्रांनो, एके काळी माझे मोठे कौतुक होते. त्यांची लेक सोनिका गोंदियाच्या कॉलेजातून माझ्यावरूनच घरी बोलायची. पुढे ती नर्स होऊन जर्मनीला गेली. बँकेला दिलेला नंबर माझ्यात होता, म्हणून जाताना तिने मला आईच्या हाती सोपवले.

तिकडे दुकानात कार्ड यंत्राला टेकवले की झाले, कोणी काही विचारत नाही, असे ती सांगायची. इकडच्या कार्डाने ऑनलाइन काही घ्यायचे तर मात्र बँक सहा आकडे पाठवते, आणि ते माझ्याकडे येतात. मग वडिलांच्या, उदेलालजींच्या मोठ्या फोनवर सोनिकाचा चेहरा दिसायचा आणि रुक्माबाई एकेक आकडा वाचून दाखवायच्या. मला फार अभिमान वाटायचा.

पुढे शेजारच्या मंगरूला कोणी 'बँकेतून बोलतो' म्हणून असेच आकडे विचारून लुबाडले. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात. रुक्माबाईंनी मनाशी गाठच बांधली, आकडे परक्याला सांगायचे नाहीत.

यंदा धान कापताना उदेलालजी कोसळले. त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात नेले, मोठा फोनही तिकडेच गेला; घरी उरलो रुक्माबाई आणि मी. दुपारी मी वाजलो. अनोळखी लांबलचक नंबर, रडून बसलेला आवाज.

"आई, मी तिकीट काढते आहे. आकडे आले असतील, लवकर वाच."

"कोन बोलून राहिली?"

"सोनिका. आई, वेळ नाही गं."

"माही पोरगी मले माय म्हनते. आई नाही म्हनत. काऊन फसवून राहिली?"

त्यांनी मला बंदच केले. सहा आकडे पोटात घेऊन मी मुका झालो. तिकडे वर्षभर पुण्याच्या मुलींसोबत राहून सोनिकाच्या तोंडी 'आई' हा शब्द बसला होता, घाईत तोच निघाला, एवढेच.

दुसऱ्या दिवशी पुतण्या ओमेश्वरने आपल्या कार्डाने तिकीट काढले. सोनिका पोहोचली तेव्हा उदेलालजींची राख सावडून झाली होती. दारातूनच ती "माय" म्हणाली.

"हेच त्या दिवशी म्हनली असती बाई," रुक्माबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

आता मला कोणी चार्जिंगला लावत नाही. उरल्या बळावर सांगतो, मित्रांनो. आकडे जपा, ते खरेच आहे. पण घर सोडताना घरचा शब्दही जपून न्या. ते सहा आकडे माझ्यात अजून आहेत. आता ते कोणीही वाचले तरी चालेल.