दबलेली उकळी

मी एक काचेचा चंबू, गोल बुडाचा. आगीत लाल करून, फुंकून मला घडवलं. टेबलावर नुसतं ठेवलं तर मी लवंडतो, म्हणून लोखंडी चिमट्यात मान आवळायची आणि बुडाखाली तापलं तेल ठेवायचं, हेच माझं जगणं.

ताईच्या दोन खोल्यांच्या कारखान्यात पातळ ॲसिटिक आम्ल दाट करून रंगाऱ्यांना देत.

"नुसतं उकळून पाणी उडवलं तर?" तिच्या धाकट्या भावाने एकदा विचारलं.

"पाणी शंभराला उकळतं, आम्ल एकशे अठराला. उडताना दोघं एकमेकांना सोडत नाहीत, वेड्या."

म्हणून ती आम्ल पाण्यात न मिसळणाऱ्या एका हलक्या द्रावकात ओढून घ्यायची, खालचं पाणी सोडून द्यायची आणि उरलेलं माझ्यात ओतायची. द्रावकाचा कण आम्लाच्या कणापेक्षा मोठा, पण शेजाऱ्याला घट्ट धरायची सोय त्याला नाही. तो सत्त्याहत्तरालाच पळतो. आम्लाचे कण जोडीजोडीने एकमेकांना कवटाळून बसतात, म्हणून मागे राहतात. ही सगळी ओढाताण माझ्या पोटात चालायची.

उकळी बेफाम होऊ नये म्हणून ताई आधीच, थंड द्रवात, चिनी मातीचे तुकडे टाकायची. त्यांच्या छिद्रांतल्या हवेपासून बुडबुडे सुटतात. मात्र उकळी एकदा थांबली की छिद्रांत द्रव शिरतो आणि तुकडे निकामी होतात.

ताईचे डोळे अधू झाले. भावाला एकट्याने काम जमलं तर ठीक, नाहीतर कारखान्याला कुलूप, असं ठरलं.

"आज मी स्टुलावरून हलणार नाही. बोलणारही नाही," परीक्षेच्या दिवशी ताई म्हणाली.

"तू आणि गप्प? आधी तेच करून दाखव!"

द्रावक अर्धा उडाला आणि दारात माल आला. भावाने तेल खाली घेतलं, पिंपं उतरवून आला आणि तेल पुन्हा वर चढवलं. जुनेच तुकडे. वाफेने धुरकटलेला सुरक्षेचा चष्मा त्याने कपाळावर सरकवला. मी तापत गेलो, उकळीच्या पलीकडे गेलो, तरी एक बुडबुडा फुटेना.

"काय रे, आवाज का येत नाही?"

"तुकडे मेले वाटतं. नवे टाकतो."

"थांब! आधी तेल काढ—"

त्याने बूच उपटलं आणि नव्या तुकड्यांची मूठ माझ्यात रिकामी केली. दबलेली सगळी उकळी एका झटक्यात माझ्या मानेतून उसळली. छताला धडकली, त्याच्या तोंडावर कोसळली. तो किंचाळला, चिमटा उखडला, मी फरशीवर आपटलो.

ताई किंकाळीच्या रोखाने धावली. कॉलर धरून तिने त्याचं डोकं नळाखाली दाबलं. त्याने गुद्दे मारले, लाथा झाडल्या.

"सोड, ताई! जळतंय!"

"मार मला, पण डोळे उघड! उघड म्हणते ना!"

तिने बोटांनी त्याच्या पापण्या फाकवून धरल्या. आम्लाने तिच्या तळहातांची सालं निघाली, तरी सोडलं नाही.

डावा डोळा गेला. उजवा वाचला.

तीन महिन्यांनी ताई म्हणाली, "बंद करू या."

"तुझा अर्धा, माझा एक. दीड डोळ्यात भागतं की," भाऊ म्हणाला आणि त्याने नवा चंबू चिमट्यात बसवला. मध्येच वीज गेली. त्याने तेल काढलं, चंबू हाताला गार लागेपर्यंत बसून राहिला, मग नवे तुकडे टाकले. ताई खरोखर गप्प होती.

मी फळीवर आहे, पोटभर तडे घेऊन. मला फेकायचं असेल तर जाड कागदात गुंडाळा आणि वर ठळक लिहा, 'फुटकी काच'. कचरा उचलणाऱ्याचे हात उघडे असतात.